अकरा कोरे बिल्ले

अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेल्या बिल्लेबाईंना सिनेमावाल्यांचा पहिला फोन आला, तेव्हा कुणीतरी थट्टा करतंय असं समजून त्यांनी तो ठेवून दिला. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "माझा नंबर तुम्हाला दिला कुणी?" पलीकडची मुलगी अडखळली, म्हणून पुन्हा ठेवून दिला. तिसऱ्यांदा फोन नवऱ्याने उचलला, आणि तिथेच सगळं हातातून गेलं. नवरा चित्रकलेचा मास्तर, शाळेतून निवृत्त, बोलायला माणूस मिळाला की कपातला चहा थंड करणारा. बायको सिनेमात जाणार, ही बातमी दुपारपर्यंत न्हाव्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत पोचली.

"अहो, नटी म्हणून नाही बोलावलेलं," बाई वैतागून म्हणाल्या. "सल्लागार म्हणून."

"मग काय झालं? नावं येतात शेवटी पडद्यावर. मी उभा राहून वाचणार."

सिनेमा होता अणुवीज केंद्रातल्या अपघाताचा. धडधड वाढवणारा, पाणी कुठे शिरतंय, कोण काय लपवतंय, असा. केंद्र दाखवायला त्यांनी गावाबाहेरचा बंद पडलेला सिमेंटचा कारखाना घेतला होता. खऱ्या केंद्रात काम केलेलं कुणीतरी हवं होतं. कपडे कसे घालतात, दारातून कसं जातात, हे सांगायला.

बाईंनी सव्वीस वर्षं केलेलं काम तसं सांगायला सोपं. केंद्रात आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असतो. आत छोट्या चकत्या असतात. माणसाच्या अंगावर जेवढा किरणोत्सर्ग पडेल, तेवढा त्या चकत्या मुकाट्याने साठवून ठेवतात. महिना संपला की सगळे बिल्ले बाईंच्या खोलीत यायचे. यंत्रात चकती तापवली की ती उजळते, आणि उजेड किती त्यावरून कळतं, या माणसाने महिनाभरात किती खाल्लं. 'खाल्लं' हाच शब्द होता केंद्रात. कुणाचा किती डोस झाला, कुणाला आता वर्षभर आत सोडायचं नाही, हे बाईंच्या वहीवर ठरायचं. म्हणून त्या बिल्लेबाई. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं.

आणि या कामाने त्यांना एक खोड लावली होती: कुणी काही सांगितलं की आधी खोटं धरायचं, मग तपासायचं. मास्तर म्हणायचे, "हिला मी लग्नात हार घातला, तेव्हाही हिने मागची गाठ बघितली होती."

पहिल्या दिवशी कारखान्यात गेल्यावर बाईंचा तो संशय जरा ढिला पडला. सगळी गंमतच होती. नियंत्रण कक्ष प्लायवूडचा होता. सुतार मागून हात घालून दिवे लावत होता. पांढरे झगे घातलेली वीस माणसं बिल्ले लावून उभी होती; कुणी कमरेला, कुणी बाहीवर, एकाने तर टोपीला.

"छातीवर," बाई म्हणाल्या, आणि एकेकाचा बिल्ला काढून जागेवर लावत गेल्या. "झग्याच्या आत. आणि पुढची बाजू पुढे."

दिग्दर्शिका पन्नाशीची, आवाज बसलेली, सतत मान हलवणारी बाई होती. तिला भोंगा वाजताच सगळे धावत सुटलेले हवे होते.

"आमच्याकडे काही बिघडलं की माणसं धावत नाहीत हो," बाई म्हणाल्या, "फॉर्म भरतात."

दिग्दर्शिका हसली, पण लेखक हसला नाही. तो चष्मेवाला, बारका, नखं कुरतडणारा तरुण होता. त्याने ते वाक्य वहीत लिहून घेतलं. बाईंनी ते पाहिलं. हा ऐकून लिहितो, त्यांच्या मनात आलं. मग बाकीचं कुणाकडून ऐकलंय?

पटकथा त्यांना तुकड्या-तुकड्यांनी मिळायची. आज एवढी पानं, उद्या तेवढी. चौथ्या दिवशी त्यांच्या हातात एकेचाळिसावं दृश्य आलं. दुपारचं जेवण व्हायचं होतं. सिमेंटची पोती वाहणाऱ्या एका मोडक्या पट्ट्यावर बसून त्या वाचायला लागल्या, आणि मनात शंकेची पाल चुकचुकली.

पंपाच्या खोलीत गळती होते. पाणी उपसून सील बदलायला अकरा माणसं आत पाठवायची असतात. त्यांचा डोस मर्यादेबाहेर गेला तर दुसऱ्या दिवशी कामाला माणसंच उरणार नाहीत, आणि वर कळवावं लागेल. म्हणून प्रमुख सांगतो, बिल्ले काढा. हत्यारांच्या खोलीत दारामागे एक खिळा असतो. अकराही जण आपापले बिल्ले त्या खिळ्याला अडकवतात आणि आत जातात. तीन तास.

बाईंनी पान उलटलं. पुढच्या दृश्यात बिल्ले तपासणारी एक बाई होती, केसात पेन खोचलेली. कुणीतरी तिला विचारतं, आणि ती म्हणते, "मी फक्त आकडे वाचते."

त्यांनी नकळत केसातलं पेन काढून हातात घेतलं.

हे घडलेलं होतं. चौदा वर्षांपूर्वी, त्यांच्या केंद्रात. कागदावर त्याला अपघात म्हटलेलं नव्हतं. 'नियोजित दुरुस्ती' म्हटलेलं होतं. त्या महिनाअखेरीला बिल्ले यंत्रात घातले, तेव्हा अकरा बिल्ले कोरे निघाले. बाईंच्या कपाटात एक कोरा बिल्ला कायम ठेवलेला असायचा, कुणीच न घातलेला. जमीन आणि आकाश आपसूक देतात तेवढंच त्याच्यात साठायचं. बाकीचे बिल्ले त्याच्याशी ताडून बघायचे. केंद्रात टपाल वाटणाऱ्या म्हाताऱ्याचाही बिल्ला त्या कोऱ्यापेक्षा दोन आकडे जास्त दाखवायचा. आणि तीन तास पंपाच्या खोलीत असलेल्या अकरा जणांचे बिल्ले कोऱ्याइतके? त्यांनी तीनदा वाचले. यंत्र तपासलं. यंत्र ठणठणीत होतं. याचा अर्थ एकच होता, माणसं आत गेली होती आणि बिल्ले बाहेर राहिले होते.

खिळा मात्र त्यांना माहीत नव्हता. तो आज पहिल्यांदा कळला.

त्या सरळ लेखकाकडे गेल्या. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ऐकीव आहे," तो म्हणाला. नख तोंडात गेलं.

"ऐकीव गोष्टीत माणसं अकरा आहेत हे नसतं. दहा-बारा असतं."

"सिनेमा आहे, बाई. आकडा काहीतरी घालावाच लागतो." एवढं बोलून तो कुणीतरी हाक मारल्यासारखा निघून गेला. कुणी हाक मारली नव्हती.

त्या दिवशी घरी आल्यावर पहिला संशय नवऱ्यावर गेला. मास्तरांचं तोंड म्हणजे चौकातला नळ. बाईंनी चपलासुद्धा न काढता विचारलं, "तुम्ही कधी कुणाशी माझ्या कामाबद्दल बोललात? जुन्या गोष्टींबद्दल?"

मास्तर खुर्चीत सावरून बसले. "तू मला कधी काही सांगितलंस का, मी दुसऱ्याला सांगायला?"

तेही खरंच होतं. बाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं. फक्त एका माणसाला: तेव्हाच्या प्रमुखाला, मऊसाहेबांना.

मऊसाहेब हे नाव त्यांना त्यांच्या आवाजावरून पडलं होतं. माणसाला कामावरून काढतानाही ते अशा आवाजात बोलायचे, की तो आभार मानून बाहेर पडायचा. आता ते निवृत्त होऊन केंद्राचेच सल्लागार झाले होते. बाहेरच्या लोकांना केंद्राबद्दल चांगलं सांगायचं, एवढंच काम. आणि दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांची गाडी कारखान्याच्या आवारात उभी राहिली.

"बाई! किती दिवसांनी!" त्यांनी हात जोडले. "तब्येत कशी आहे? मास्तर काय म्हणतात?"

मग त्यांनी बाईंना बाजूला, सिमेंटच्या रिकाम्या टाकीच्या सावलीत नेलं. हातात पटकथेची प्रत होती. बाईंना तुकडे मिळत होते; यांच्याकडे सगळं बाडच होतं. एकेचाळिसाव्या दृश्यावर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली.

"हे कुणी सांगितलं यांना?" मऊसाहेबांनी अगदी मायेने विचारलं.

"मी तुम्हाला तेच विचारणार होते."

"मला?" ते हसले. "मी कशाला सांगेन? बाई, कोऱ्या बिल्ल्यांचं आपल्या दोघांनाच माहीत होतं. मी सांगितलं नाही. म्हणजे..." पुढचं ते बोललेच नाहीत.

"मला खिळा माहीत नव्हता," बाई म्हणाल्या.

मऊसाहेबांचं हसू तसंच राहिलं, पण डोळे जागच्या जागी थांबले. आपण काय बोलून गेलो ते बाईंच्याही लक्षात आलं, आणि समोरच्याने ते खोडून काढलं नाही, हेही. म्हणजे खिळा खरा होता.

"असो," ते म्हणाले. "केंद्र या लोकांना खरं गेट आणि मनोरे बाहेरून दाखवायची परवानगी देतंय. फक्त एक कागद हवा. तांत्रिक सल्लागार म्हणून तुम्ही लिहायचं, की दृश्य एकेचाळीस वास्तवात अशक्य आहे. मग ते काढतील. तुमचं नाव पडद्यावर येईल, आमचं राहील, सगळे खूश. शनिवारी मी येतोच." जाता जाता ते थांबले. "धाकट्याचं कसं चाललंय? डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं ना? आमच्या पंपांच्या मोटारी अजून त्याच्याकडेच येतात दुरुस्तीला. चांगला कारागीर आहे."

गाडी गेली तरी बाई टाकीच्या सावलीतून हलल्या नाहीत.

धाकटा म्हणजे बाईंचा भाऊ. चौदा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो दुसरीत होता. बाईंनीच त्याला वाढवलं, शिकवलं, केंद्रात फिटर म्हणून चिकटवला. आणि त्या अकरा बिल्ल्यांमधला एक बिल्ला त्याचा होता.

हे बाईंनी चौदा वर्षं मनाच्या तळाशी दडपून ठेवलं होतं. तेव्हा स्वतःची समजूत त्यांनी कितीतरी प्रकारे घातली होती. ओरडा केला असता तर अकराही जण घरी बसले असते, त्यात तोही. शिवाय तीन तासच तर होते. शिवाय तो धडधाकट होता. मग चाळिशीत त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला, आणि डॉक्टर म्हणाला, "इतक्या लवकर? उन्हात काम करता का?" तेव्हा बाई शेजारीच उभ्या होत्या. "हो, उन्हात," असं त्याच म्हणाल्या होत्या.

आता त्यांना सगळं जुळल्यासारखं वाटलं. धाकट्यानेच सांगितलं असणार. खिळा त्याला माहीत, माणसं किती ते त्याला माहीत, ताईचं केसातलं पेन आणि ताईचं ठरलेलं वाक्य त्याला माहीत. आणि ताईला न सांगता, परक्या पोराला सांगितलं! बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. शुक्रवारी दुपारी त्या त्याच्या दुकानात गेल्या.

केंद्र सोडल्यावर त्याने मोटारी आणि पंप दुरुस्त करायचं दुकान टाकलं होतं, घराच्या पुढच्याच खोलीत. तो तांब्याच्या तारेचे वेढे घालत बसला होता, जाड चष्मा नाकावर.

"ये ताई. बस. अगं, ताई आलीय!" त्याने आत हाक दिली.

बाई बसल्या नाहीत. "सिनेमावाल्यांना तू काय सांगितलंस?"

"कुठल्या सिनेमावाल्यांना?"

"सोंग नको. खिळा, अकरा माणसं, सगळं लिहिलंय त्यांनी. तू सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळेल? आणि मला कळवायचं तरी! मऊसाहेब माझ्यावर संशय घेतोय, तुझ्या मोटारी बंद करायच्या गोष्टी करतोय, आणि मी तोंड वासून ऐकतेय!"

धाकट्याने तार खाली ठेवली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ताई," तो म्हणाला, "अकरा माणसं, हे तुला कुणी सांगितलं?"

"म्हणजे काय? पटकथेत..."

"नाही. पटकथेत तू आत्ता वाचलंस. पण ते आमचंच आहे, आपल्या केंद्रातलं आहे, हे तुला कसं कळलं? आम्ही तर घराबाहेर कुणाला बोललो नव्हतो. साहेबांनी शपथ घातली होती." त्याचा आवाज बारीक होत गेला. "ताई, तुला माहीत होतं?"

बाई जाब विचारायला आल्या होत्या, आणि आपलं गुपित स्वतःच्या हाताने त्याच्यासमोर मांडून बसल्या होत्या.

"तेव्हापासून?"

बाईंनी मान हलवली.

"आणि माझा बिल्ला..."

"कोरा होता. तीनदा वाचला मी."

धाकटा एकदम हसला. ते हसणं ऐकवत नव्हतं. "मी इतकी वर्षं काय समजत होतो, माहितीये? ताईला फसवलं आपण. बिल्ला खिळ्याला लावताना माझ्या डोक्यात तेवढंच होतं, की ताई हा वाचणार आणि ते खोटं खरं मानणार. तुला तोंड दाखवायची लाज वाटायची मला. डोळे बिघडले तेव्हा वाटलं, ताईला फसवलं त्याची ही शिक्षा."

आतल्या दारात भावजय उभी होती. ती कधी येऊन उभी राहिली, दोघांनाही कळलं नव्हतं.

"त्यांनी नाही सांगितलं, वन्सं," ती म्हणाली. "मी सांगितलं."

भावजय म्हणजे मोजकं बोलणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बाईंनी तिच्यावर संशय घ्यावा, एवढंसुद्धा तिला कधी महत्त्व दिलं नव्हतं.

"पेपरात आलं होतं, असा सिनेमा काढणार आहेत म्हणून. मी पत्र घातलं. तो लेखक येऊन गेला इथे, हे माल आणायला गेले होते तेव्हा. कुणाचं नाव घालायचं नाही, एवढीच अट घातली. आणि तुमचा नंबर दिला."

"माझा नंबर? का?"

"तुम्ही वाचावं म्हणून."

बाई आता बसल्या. समोर उघडी मोटार होती, तिच्यावरच नजर लावून बसल्या.

"त्या संध्याकाळी यांनी घरी येऊन मला सगळं सांगितलं होतं," भावजय म्हणाली. "मला झोप लागेना. महिना संपल्यावर मी तुमच्या खिडकीशी आले होते, आठवतंय? विचारलं, यांच्या बिल्ल्यात काही आलंय का. तुम्ही म्हणालात, अगदी स्वच्छ आहे. मी म्हटलं, असं कसं? तर तुम्ही म्हणालात, मी फक्त आकडे वाचते. हे तुम्ही सगळ्यांनाच म्हणायच्या, त्याचं काही नाही. पण तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. खिडकी ओढून घेतलीत. मी तिथेच ओळखलं, तुम्हाला कळलंय."

"मग तू मला का नाही..."

"तुम्ही मोठ्या. आणि हे घरात रोज म्हणायचे, ताईला नुसतं कळलं असतं ना, तर तिने केंद्र डोक्यावर घेतलं असतं. ते मोडायला माझा जीव झाला नाही."

धाकटा उठला आणि आत गेला. आतून नळाचा आवाज येत राहिला; बराच वेळ तो हात धूत होता. बाई थांबल्या. तो बाहेर आला नाही. भावजयीने चहा विचारला नाही. बाई उठून निघाल्या.

रस्त्याने येताना बाईंना प्रत्येक जण आपल्याकडे बघतोय असं वाटत होतं. औषधाच्या दुकानाशी एक गाडी उभी होती, ती मऊसाहेबांची वाटली, नव्हती. घरी फोन दोनदा वाजला आणि उचलल्यावर पलीकडून कुणी बोललं नाही. मास्तर म्हणाले, "रेंज नसेल." बाई म्हणाल्या, "असेल." मग त्यांनी मास्तरांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांनी मध्ये एक शब्द टाकला नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "कागद आहे का काही? नुसतं तू म्हणून कोण मानणार?"

कागद होता, निदान असायला हवा होता. त्या महिन्याच्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात बाईंनी लिहिलं होतं: 'अकराही कोऱ्याइतकेच. तपास व्हावा.' मऊसाहेबांनी ते वाचून म्हटलं होतं, "बाई, यंत्र तापलं असेल. खोडून टाका." आणि बाईंनी खोडलं होतं. पण केंद्राचा नियम होता, की खोडायचं ते एकाच रेघेने, खालचं वाचता येईल असं, आणि शेजारी सही करायची. सवयीने त्यांनी तसंच खोडलं होतं. मऊसाहेबांनी खाली स्वतःची सही केली होती. खोडलंय एवढंच बघितलं असणार, कसं खोडलंय ते नाही. वह्या तीस वर्षं जपून ठेवायच्या असतात. पण ती वही अजून जागेवर असेल? की पिवळी चिठ्ठी लावून पटकथा वाचणाऱ्या माणसाने तेही पान आधीच बघून ठेवलं असेल?

शनिवारी मऊसाहेब वेळेवर आले. प्लायवूडच्या नियंत्रण कक्षात दिग्दर्शिका, लेखक आणि बाई असे तिघे बसले होते. मऊसाहेबांनी मजकूर टाइप करूनच आणला होता. फक्त सही करायची होती.

"मी माझ्या हाताने लिहिते," बाई म्हणाल्या. केसातून पेन काढलं आणि कोऱ्या कागदावर लिहायला लागल्या. सावकाश लिहिलं, वहीत लिहीत तसं, अक्षर सुटं. मग कागद दिग्दर्शिकेकडे न देता मऊसाहेबांकडे दिला.

त्यात लिहिलं होतं, की दृश्य एकेचाळीस शक्य आहे. असं घडलं तर ते कसं ओळखावं, याची खूण अशी, की आत गेलेल्यांचे बिल्ले कपाटातल्या कोऱ्या बिल्ल्याइतकेच निघतात. चौदा वर्षांपूर्वी असे अकरा बिल्ले आपण स्वतः वाचले, वरिष्ठांना दाखवले, त्यांच्या सांगण्यावरून शेरा खोडला, आणि गप्प बसलो. वहीचा महिना, पान, रकाना. खाली सही, आणि सहीत बिल्लेबाई नव्हे, पगाराच्या कागदावरचं पूर्ण नाव. प्रत: अणुऊर्जा नियामक मंडळ.

मऊसाहेबांनी ते दोनदा वाचलं. आवाज मऊच होता. "बाई, हे तुम्ही स्वतःविरुद्ध लिहिलंय."

"हो. वाचता येतंय ना?"

"एक प्रत मंडळाला म्हणजे..."

"रात्रीच लिहून ठेवली होती, सकाळी रजिस्टर पोस्टाने टाकली. मास्तर गेले होते. आल्यापासून ते रस्त्यात भेटेल त्याला सांगताहेत. आता थांबवणं माझ्याही हातात नाही."

मऊसाहेब उठले. जाताना प्लायवूडच्या पॅनेलला त्यांचा धक्का लागला आणि सगळे दिवे एकदम विझले. सुतार मागून ओरडला, "कोण आहे रे तिकडे!" लेखकाने मात्र यावेळी काही लिहून घेतलं नाही.

पुढचे दोन महिने बाईंचे कसे गेले, ते त्यांनाच ठाऊक. केंद्राने गेटची परवानगी काढून घेतली. सिनेमावाल्यांनी मास्तरांकडून गेट रंगवून घेतलं, आणि ते खऱ्यापेक्षा जास्त भीतिदायक झालं. धाकट्याच्या दुकानात येणाऱ्या मोटारी थांबल्या. मंडळाच्या दोन तपासनिसांनी बाईंना केंद्राच्या दप्तरखान्यात बोलावलं. वही टेबलावर होती. बाईंचा जीव पानं उलटणाऱ्या त्या बोटांत अडकला होता. पान असेल का? फाडलेलं असेल का? नवीन शिवून घातलेलं असेल का?

पान होतं. कुणी हात लावला नव्हता. इतक्या वर्षांत ती वही उघडून बघावी, असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. रेघ होती, रेघेखाली अक्षरं होती, आणि त्याखाली मऊसाहेबांची सही. दोघांपैकी एका तपासनीस बाईने भिंग न घेता ते मोठ्याने वाचलं.

अकरा जणांना बोलावलं. एक वारला होता, दोघांचा पत्ता लागला नाही. आठ आले. मऊसाहेब शेवटपर्यंत म्हणत राहिले, की आपण यंत्रावर विश्वास ठेवला; पण आठ तोंडांतून एकच खिळा निघाला, तेव्हा त्यांचं सल्लागारपद गेलं आणि खटला उभा राहिला. तो अजून चालू आहे. बाईंनाही चौकशीला सामोरं जावं लागलं. लेखी ठपका बसला, आणि तो त्यांनी वाद न घालता घेतला. त्या तीन तासांचा डोस हिशेबाने काढून आठही जणांच्या नावावर लावला गेला. धाकट्याचे डोळे त्यामुळेच बिघडले, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. रक्त चांगलं निघालं. दरवर्षी तपासणी, केंद्राच्या जबाबदारीवर, आयुष्यभर.

हे सांगायला धाकटा स्वतः आला. शनिवार होता, उन्हं उतरली होती. दारातच उभा राहिला, कागद पुढे धरून. "रक्त चांगलं आहे म्हणाले."

"आत ये," बाई म्हणाल्या.

"नको. दुकान उघडं आहे."

दुकान बंद होतं. शनिवारी तो बंदच ठेवायचा. बाईंना ते माहीत होतं आणि आपल्याला माहीत आहे, हे त्यालाही माहीत होतं. तो गेला.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला, बरोबर भावजय. या वेळी आत आला आणि मास्तरांशी गेटच्या रंगाबद्दल तासभर बोलला. बाईंनी तेवढ्यात आत मिक्सरवर चटणी वाटली. ताईशी एकच वाक्य बोलला. उठता उठता, चपला घालताना, खाली बघत.

"तुमच्या मिक्सरचा आवाज बदललाय. उद्या दुकानात आणून दे. मी बघतो."